पिकअपमागचा मायबाख

पावसाळ्यात बोरी बुद्रुकच्या एखाद्या पाणंदीत गाडी घातलीय कधी? कुकडीकाठची काळी माती, दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये ट्रॅक्टरनं पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि त्यात साचलेलं पाणी. तिथं गाडीचा टॉप स्पीड कुणी विचारत नाही. पहिला किंवा दुसरा गिअर, थ्रॉटल जेमतेम पाव उघडलेलं, आणि मनगट जरासं फिरवलं की मागच्या चाकात ताकद तिथल्या तिथं उतरली पाहिजे. ती उतरायच्या ऐवजी इंजिन एक क्षण गुदमरलं, भॅक करून दबलं, की संपलं. पाय चिखलात आणि मागच्या दोस्तांची दात काढायची सोय.

मग गाडी गॅरेजवर जाते. पिकअप पाहिजे, खालून ओढली पाहिजे, एवढीच मागणी. आणि इथं प्रत्येकाकडे एकेक जालीम उपाय असतो. कुणी एअर फिल्टर काढून फेकतो. कुणी भंगारातून मोठ्या गाडीचा कार्ब आणून बसवतो. कुणी जेटच्या भोकात तार घालून ते मोठं करतो. गाडी आवाज जोरात करायला लागते, पेट्रोल जास्त प्यायला लागते, आणि पाणंदीत पुन्हा तिथंच दबते. या सगळ्यांचा समज एकच असतो, की जास्त पेट्रोल म्हणजे जास्त पिकअप. हा समज किती चुकीचा आहे हे एका माणसाला सव्वाशे वर्षांपूर्वीच कळलं होतं. आज आपण ज्याला कार्बोरेटर म्हणतो, त्याचा मूळ सांगाडा त्यानं बनवला. त्याचं नाव विल्हेल्म मायबाख.

नाव ओळखीचं वाटेल. रील्समध्ये सिनेस्टारच्या ताफ्यात दिसणारी, कोट्यवधींची ती मायबाख. पण ज्याच्या नावानं ती गाडी आहे, तो माणूस अनाथाश्रमात वाढला होता.

९ फेब्रुवारी १८४६ला जर्मनीतल्या हाइलब्रॉन गावी एका सुताराच्या घरी त्याचा जन्म झाला. आई-बाप लहानपणीच गेले. पोरांचं करायचं काय, म्हणून नातेवाइकांनी चक्क पेपरात निवेदन दिलं. ते वाचून रॉइटलिंगन गावातल्या ब्रुडरहाउस नावाच्या संस्थेनं दहा वर्षांच्या विल्हेल्मला आपल्याकडे घेतलं. गुस्टाव्ह वेर्नर नावाच्या धर्मोपदेशकानं ही संस्था उभी केली होती. तिथं पोरांना नुसतं जेवूखाऊ घालत नसत, संस्थेचा स्वतःचा कारखाना होता आणि पोरं तिथं काम शिकत. या पोराचा हात ड्रॉइंगवर चांगला चालतो, हे वेर्नरच्या लक्षात आलं. मग कारखान्यात काम आणि त्याच्या जोडीला गावातल्या शाळेत गणित आणि फिजिक्सचे जादा तास. एकोणिसाव्या वर्षी तो पक्का डिझायनर झाला होता.

याच कारखान्यात १८६३ साली एक नवा मॅनेजर आला, गॉटलीब डाइमलर. मायबाखपेक्षा बारा वर्षांनी मोठा. डाइमलर बोलका, महत्त्वाकांक्षी, भांडकुदळ म्हणावा इतका हट्टी. मायबाख गप्प, कागद-पेन्सिल घेऊन कोपऱ्यात बसणारा. डाइमलरनं त्याला हेरलं आणि पुढं जिथं जिथं नोकरी बदलली तिथं तिथं त्याला बरोबर नेलं. आधी कार्ल्सरूह, मग १८७२ला कोलोनजवळचा डॉइट्झचा इंजिन कारखाना. हा कारखाना निकोलाउस ओटोचा. फोर स्ट्रोक इंजिनाला ज्याच्या नावानं ओटो सायकल म्हणतात तोच हा. १८७६मध्ये ओटोचं फोर स्ट्रोक इंजिन चाललं, आणि ते विकण्याजोगं करण्याचं ड्रॉइंग बोर्डावरचं काम चीफ डिझायनर म्हणून मायबाखकडे आलं.

पण ती इंजिनं जमिनीला बोल्ट मारून बसवायची. गॅसवर चालायची, मिनिटाला दोनशेच्या आतच फेऱ्या, वजन अवाढव्य. डाइमलरला हवं होतं लहान, वेगात फिरणारं, पेट्रोलवर चालणारं आणि गाडीवर चढवता येईल असं इंजिन. ओटोशी त्याचं फाटलं. १८८२मध्ये तो बाहेर पडला, स्टुटगार्टजवळ कान्स्टाटला एक बंगला घेतला आणि बागेतल्या काचेच्या घरात वर्कशॉप टाकलं. मायबाखही चांगली नोकरी सोडून बायको आणि लहान पोराला घेऊन मागोमाग गेला. दोघं दार लावून रात्रंदिवस ठाकठोक करत. बागेत काम करणाऱ्याला संशय आला की हे खोटी नाणी पाडतात. पोलिसांनी छापा घातला तर आत नुसती इंजिनं, अशी गोष्ट सांगितली जाते.

या काचेच्या घरातून १८८५मध्ये जे बाहेर आलं, ते बाइकवेड्या प्रत्येकानं एकदा फोटोत तरी बघावं. लाकडी सांगाडा, लाकडी चाकं, तोल जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना छोटी आधाराची चाकं, आणि मध्ये २६४ सीसीचं, जेमतेम अर्ध्या हॉर्सपॉवरचं इंजिन. स्पीड ताशी १२ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे शर्यतीच्या बैलांनी तिला आरामात मागं टाकलं असतं. पण ही जगातली पहिली पेट्रोल मोटरसायकल मानतात. सीटच्या बरोबर खाली तापून लाल होणारी इग्निशनची नळी होती, त्यामुळे नोव्हेंबरमधल्या फेरीत सीटनंच पेट घेतला.

आता इथं थोडं थांबू, कारण खरी भानगड इथं आहे. या मोटरसायकलला पेट्रोल कसं मिळायचं? तेव्हाचा कार्बोरेटर म्हणजे साधारणपणे पेट्रोलचं एक भांडं. हवा त्या पेट्रोलवरून किंवा पेट्रोलमधून जायची, जाता जाता वाफ उचलायची आणि इंजिनात शिरायची. चालायचं, पण लहरीपणानं. ऊन असलं की वाफ जास्त, थंडी पडली की कमी. पेट्रोलमधला हलका भाग आधी उडून जायचा आणि तळाला जड भाग उरायचा, म्हणजे सकाळची गाडी आणि दुपारची गाडी वेगळी. खड्ड्यात भांडं हिंदकळलं की मिश्रण बदललं. एका ठरावीक वेगानं फिरणाऱ्या इंजिनाला हे एक वेळ चालून जातं. पण वेग कमी-जास्त करायचा म्हटलं, थांबत, वळत, चढत जायचं म्हटलं, की हे भांडं हात टेकतं. मनगट फिरवल्यावर लगेच उत्तर देणं हे त्याच्या कुवतीबाहेरचं होतं.

मायबाखला उत्तर सापडलं ते मात्र मोठ्या पडझडीच्या काळात. १८९०मध्ये पैसेवाल्या भागीदारांना घेऊन डाइमलर मोटर कंपनी सुरू झाली होती. भागीदारांना जमिनीवर बसवायची इंजिनं विकायची होती, यांना गाड्या बनवायच्या होत्या. कंपनीनं मायबाखला मान्य होतील अशा अटीच दिल्या नाहीत, आणि १८९१च्या सुरुवातीला तो बाहेर पडला. वय पंचेचाळीस, हातात कंपनी नाही. आधी त्यानं राहत्या घरात काम केलं. १८९२मध्ये डाइमलरनं गुपचूप स्वतःचा पैसा घातला आणि कान्स्टाटमधल्या हर्मान नावाच्या हॉटेलचा बंद पडलेला नाचाचा हॉल भाड्यानं घेतला. बारा कामगार आणि पाच शिकाऊ पोरं. जिथं लोक नाचायचे तिथं लेथ आणि वाइस बसले. माझ्या मते मायबाखच्या आयुष्यातली सगळ्यात भारी वर्षं हीच. मर्सिडीजची पुढं आली, पण ती साहेबांच्या दिमाखातली होती. ही उधारीच्या हॉलमधली.

१८९३मध्ये याच हॉलमधून फवारा उडवणारा कार्बोरेटर आला. कल्पना सांगायला सोपी आहे. पेट्रोलच्या मोठ्या भांड्याऐवजी एक लहानशी वाटी. तिच्यात तरंगणारा फ्लोट. पेट्रोल ठरावीक उंचीला आलं की फ्लोट वर उचलला जातो आणि येणारं पेट्रोल बंद करतो, पातळी उतरली की पुन्हा सोडतो. वाटीपासून एक बारीक नळी हवेच्या वाटेत येते आणि तिच्या तोंडाच्या किंचित खाली पेट्रोल थांबलेलं असतं. इंजिन हवा ओढतं, हवा त्या तोंडावरून जोरात जाते, आणि पेट्रोल आपोआप खेचलं जाऊन बारीक तुषार होऊन हवेत मिसळतं. ग्लासात एक स्ट्रॉ उभी धरून तिच्या तोंडावरून दुसऱ्या स्ट्रॉनं जोरात फुंकर मारा, पाणी वर चढून उडेल. शाळेतला हाच प्रयोग. हवा जितकी जोरात, तितकं पेट्रोल जास्त. इंजिन जेवढं मागेल तेवढं, मागेल तेव्हा. हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका या जोडीनंही त्याच वर्षी असाच कार्बोरेटर केला होता, आणि पेटंट मायबाखच्या थोडं आधीच मागितलं होतं. तेव्हा सगळा मान एकट्या मायबाखला देणं बरोबर नाही. पण रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये ही गोष्ट रुळली ती प्रामुख्यानं त्याच्या इंजिनांबरोबर.

आता तुमच्या गाडीचा कार्ब उघडा. खालची वाटी, तिच्यातला फ्लोट, मधली नळी, वरून जाणारी हवा. सगळं तेच. पुढच्या लोकांनी एवढंच केलं, की एका नळीची कामं वाटून दिली. थ्रॉटल बंद असताना आणि जरासं उघडल्यावर पेट्रोल येतं ते स्लो जेटमधून, म्हणजे ज्याला पायलट जेटही म्हणतात त्यातून. मध्ये सुई, म्हणजे नीडल, हिशेब सांभाळते. मेन जेटची खरी सत्ता सुरू होते ती थ्रॉटल पाऊण उघडल्यावर. पाणंदीतला सगळा खेळ पाव थ्रॉटलच्या आतला, आणि पोरं भोक मोठं करतात ते मेन जेटचं! म्हणजे दुखतं गुडघ्यात आणि इंजेक्शन कोपरात.

मोठ्या कार्बचंही तसंच. शेतात पाणी देताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते. अंगठा काढला की पाणी तेवढंच, पण धार पायाशी पडते. मोठ्या तोंडाचा कार्ब लावला की कमी आरपीएमला हवा त्यातून रमतगमत जाते, नळीच्या तोंडाशी ओढ राहत नाही, आणि पेट्रोल वरच चढत नाही. शर्यतीच्या सरळ ट्रॅकवर वरच्या आरपीएमला त्याचा फायदा होईलही, चिखलात तो घात करतो. फिल्टर काढल्यावर हवा वाढते आणि मिश्रण आणखी पातळ होतं. शिवाय उन्हाळ्यात आपल्याकडची धूळ सरळ सिलिंडरमध्ये. कुकडीकाठच्या मातीच्या थरांत हजारो किलोमीटरवरून, सुमात्रातल्या ज्वालामुखीतून उडून आलेली राख सापडली आहे आणि त्यासाठी बोरीचं नाव जगभरच्या भूशास्त्रज्ञांना माहीत आहे. बारीक धूळ कुठवर पोचते याचा दाखला गावातच असताना फिल्टर काढू नये.

मनगट झटकन फिरवल्यावर गाडी दबते का, याचंही उत्तर मायबाखच्या त्या नळीत आहे. हवा हलकी, ती लगेच धावते. पेट्रोल जड, ते उठायला वेळ लावतं. त्या एका क्षणात इंजिनाला नुसती हवाच मिळते. म्हणून साध्या स्लाइडच्या कार्बमध्ये, समजा जुन्या आरएक्स १००मध्ये, काम खालून सुरू करायचं. आधी स्लो जेट काढून स्वच्छ करायचा, हवेनं फुंकून, तार न घालता. अर्ध्या गाड्या इथंच सुधारतात. मग फ्लोटची उंची बघायची, कारण पातळी उतरलेली असेल तर पुढचं सगळं ट्यूनिंग खोटं. इंजिन चांगलं गरम करून मग स्क्रूला हात लावायचा. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घेतला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा, तिथं बाहेर सोडला की प्रमाण वाढतं. हे उलटंसुलटं झालं की दिवस वाया. साधारण दीड आट्यापासून सुरुवात करून पाव-पाव आटा फिरवत बघायचं. स्क्रू पुरत नसेल तर स्लो जेट एका नंबरनं मोठा. तरी पाव थ्रॉटलच्या पुढं खड्डा जाणवत असेल तर सुईची क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई वर येते. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच पाणंदीत एक फेरी. हो, आणि हीच गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर पीयूसीचा विचार करूनच.

बरं, त्या हॉलमधल्या माणसाचं पुढं काय झालं? त्याच हॉलमधलं फिनिक्स इंजिन गाजलं. फ्रेडरिक सिम्स नावाचा इंग्लंडमधला व्यापारी त्या इंजिनाच्या हक्कांसाठी साडेतीन लाख मार्क मोजायला तयार झाला, मात्र डाइमलर कंपनीत परत आला पाहिजे ही अट घालून. १८९५मध्ये डाइमलर परतला आणि मायबाखही टेक्निकल डायरेक्टर म्हणून त्याच कंपनीत गेला, जिनं त्याला चार वर्षांपूर्वी बाहेरची वाट धरायला लावली होती.

मार्च १९००मध्ये डाइमलर वारला. त्याच महिन्याच्या अखेरीला नीसजवळच्या घाटाच्या शर्यतीत विल्हेल्म बाउअर हा ड्रायव्हर डाइमलर गाडीच्या अपघातात गेला. गाडी उंच, बोजड आणि वळणावर धोक्याची होती. एमिल येलिनेक नावाचा धनिक कंपनीच्या गाड्या विकत घेऊन फ्रान्समधल्या श्रीमंतांना विकत असे. त्यानं हट्ट धरला की नवी, बुटकी, हलकी, ताकदवान गाडी करा, मी ३६ गाड्या घेतो. अट एकच, गाडीला माझ्या मुलीचं नाव द्यायचं. मुलीचं नाव मर्सिडीज.

चौपन्न वर्षांच्या मायबाखनं काही महिन्यांत ती गाडी उभी केली. आठ हजारांवर बारीक नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर. ३५ हॉर्सपॉवर. चार सिलिंडरना दोन कार्बोरेटर, प्रत्येक जोडीला एक. आणि स्टीअरिंगजवळच्या लिव्हरनं इंजिनाचा वेग ३०० ते १००० फेऱ्यांमध्ये हवा तसा कमी-जास्त करता यायचा. नुसत्या हॉर्सपॉवरच्या आकड्याकडे बघू नका. ३००वर शांत फिरणारं आणि सांगितल्याबरोबर वर चढणारं इंजिन, हे त्या काळात मोठं अप्रूप होतं. मार्च १९०१मध्ये नीसच्या शर्यतींमध्ये या गाडीनं बाकीच्यांना धूळ चारली. फ्रेंच लोक मायबाखला डिझायनरांचा राजा म्हणू लागले.

कंपनीनं या राजाचं काय केलं? डाइमलर गेल्यावर त्याच्या पाठीशी उभं राहणारं आत कुणी उरलं नव्हतं. दोन-तीन वर्षांतच त्याला मुख्य कामातून बाजूला काढून संशोधकांचं कार्यालय असं भारदस्त नाव दिलेल्या खोलीत बसवलं. ऑफिसात नोकरी करणाऱ्या तुमच्या काका-मावशीला विचारा, अशा खोल्यांचा अर्थ ते सांगतील. १९०७मध्ये एकसष्टाव्या वर्षी तो कंपनी सोडून गेला. डिझाइनची सूत्रं डाइमलरच्या मुलाकडे, पाउलकडे गेली. गाड्यांवर नाव डाइमलरचं, नाहीतर येलिनेकच्या मुलीचं. गाड्या ज्यानं काढल्या त्याचं कुठंच नाही.

या वयात दुसरा कुणी बागकाम करत बसला असता. ऑगस्ट १९०८मध्ये काउंट झेपेलिनचं भलंमोठं हवाई जहाज एश्टरडिंगनला जळून खाक झालं. त्या जहाजांना भरवशाची इंजिनं लागणार हे मायबाखनं ओळखलं आणि झेपेलिनशी बोलणी केली. १९०९मध्ये त्यासाठी वेगळी कंपनी निघाली. तिची तांत्रिक सूत्रं मुलाच्या, कार्लच्या हातात दिली आणि म्हातारा सल्ल्यापुरता उरला. डाइमलरच्या मागोमाग काचेच्या घरात आला तेव्हा जे पोर अगदी लहान होतं, तेच हे कार्ल. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर विमानांची इंजिनं बनवायला बंदी आली, तेव्हा १९२१मध्ये कार्लनं गाड्या काढल्या. त्या गाडीवर मात्र पहिल्यांदा मायबाख हे नाव लागलं. बाप तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता.

ऑगस्ट १९२९मध्ये ग्राफ झेपेलिन या हवाई जहाजानं पृथ्वीला प्रदक्षिणा घातली. पाच इंजिनं, पाचही मायबाख. त्याच वर्षी २९ डिसेंबरला विल्हेल्म मायबाख गेला. कान्स्टाटच्या ज्या दफनभूमीत डाइमलर आहे, तिथंच त्यालाही पुरलं.

आळेफाट्याहून पुण्याला जाताना चाकण लागतं. मर्सिडीज-मायबाख गाड्यांची जोडणी तिथल्या कारखान्यात झाली आहे. त्या गाडीत कार्बोरेटर नाही, कॉम्प्युटरच्या हुकमानं पेट्रोल उडवणारे इंजेक्टर आहेत. एप्रिल २०२०पासून बीएस ६चा नियम आला आणि नव्या मोटरसायकलींमधूनही कार्ब जवळपास हद्दपार झाला. मायबाखचा फ्लोट आणि नळी आता उरलीय ती जुन्या आरएक्समध्ये, जुन्या स्प्लेंडरमध्ये, आणि गॅरेजच्या फळीवर रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवलेल्या सुट्या भागांमध्ये.

तुमच्याकडे त्यातली एखादी असेल आणि ओढ्याच्या पाण्यातून काढली असेल, तर घरी आल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन थंड होऊ द्या. मग फ्लोटच्या वाटीखालचा स्क्रू सोडून थोडं पेट्रोल बाटलीत घ्या. तळाशी पाण्याचा थेंब दिसला, तर उद्याचं मिसिंग आजच सापडलं.